अल्फा कोर्सचं आमंत्रण आलंय? जाण्याआधी हे वाचा

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "बुधवारी संध्याकाळी ये ना. जेवण आहे, अर्ध्या तासाचा व्हिडिओ आहे, मग नुसत्या गप्पा. पैसे नाहीत, जबरदस्ती नाही." जागा म्हणजे चर्चचा हॉल, कधी कुणाचं घर, २०२० नंतर तर बऱ्याच ठिकाणी झूमसुद्धा. हा अल्फा कोर्स. ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणारा, आणि ती करून देताना तुम्हीही विश्वास ठेवावा अशी इच्छा न लपवणारा. इंग्लंडमधल्या मराठी घरांना हे आमंत्रण नवं नाही. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी उपासना चालवणाऱ्या चर्चमध्येही तो भरतो.

येशू कोण होता या वादात इथे शिरायचं नाही. सेवा म्हणून कोर्स कसा आहे, तोंडाने दिलेला शब्द पाळतो का, आणि पाहुण्याला "नको" म्हणायला जागा कुठे मोकळी आहे, कुठे आक्रसते, एवढंच बघायचं आहे.

थोडा इतिहास, कारण त्यानेच बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९७७ मध्ये लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये चार्ल्स मार्नम यांनी चार आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. तो नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी होता, म्हणजे घरातल्याच माणसांसाठी. पुढे जॉन आयर्विन यांनी तो दहा आठवड्यांपर्यंत वाढवला आणि मधे बाहेरगावचा शनिवार-रविवार घातला. १९९० मध्ये निकी गंबेल यांच्याकडे सूत्रं आली. हे आधी बॅरिस्टर. त्यांनी सगळा रोख चर्चबाहेरच्या माणसाकडे वळवला, आणि १९९३ पासून इतर चर्चनाही तो चालवायला द्यायला सुरुवात झाली. आज कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल सगळे तोच साचा वापरतात. वकिली हात पहिल्या चार भाषणांत जाणवतो: पुरावा, साक्षीदार, निष्कर्ष. नंतरचा भाग वकिली नाही, अनुभवाचा आहे. कोर्सची नैतिक अडचण जी काही आहे, ती या दोन भागांच्या सांध्यावर आहे.

संध्याकाळचा क्रम ठरलेला. आधी अर्धा-पाऊण तास जेवण, मग सुमारे अर्ध्या तासाचं भाषण किंवा व्हिडिओ, मग पाऊण तास गटात चर्चा. गट साधारण बाराचा: दोन यजमान, दोन मदतनीस, आठ पाहुणे. वेळेवर सुरू, वेळेवर बंद. यजमानांना प्रशिक्षणात सांगितलेलं असतं की उत्तरं द्यायची नाहीत, पाहुण्याला चुकीचं ठरवायचं नाही, "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं. एखाद्याने यायचं बंद केलं तर पाठपुरावा करायचा नाही, हाही नियमच आहे.

हा भाग खरोखर चांगला आहे. "मी देव मानत नाही आणि हे सगळं मला थोतांड वाटतं" असं म्हटल्यावर समोरच्याने मान डोलावून "बरं, असं का वाटतं?" एवढंच विचारणं, ही सोय आपल्याकडे ना कीर्तनात मिळते ना चर्चच्या प्रवचनात. नीट चाललेल्या गटात पहिल्या चार आठवड्यांत पाहुणेच सत्तर टक्के बोलायला हवेत. घड्याळ लावून बघा.

गट बिघडतो तो बहुतेक वेळा संख्येमुळे. आठ पाहुणे मिळत नाहीत, तीनच येतात, आणि खुर्च्या भरायला चर्चमधलीच जुनी माणसं "पाहुणे" म्हणून बसतात. मग चर्चेत एका प्रश्नाला पाच साक्षी ("मला देव कसा भेटला" असे अनुभव) येतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, सगळ्या जगाला कळलंय, मीच राहिलो. यात खोटं कुणी बोलत नाही, तरी फसवणूक होतेच. उपाय सोपा आहे. पहिल्याच दिवशी ओळखपरेडीत विचारा: "इथे आधीपासून चर्चला येणारे कोण कोण?" प्रामाणिक यजमान हात वर करायला लावतो. कुजबुज झाली तर समजा काय ते. दुसरी बिघाडी म्हणजे शांतता न सोसणारा यजमान. प्रश्नानंतर दहा सेकंद कुणी बोललं नाही की हा बायबल उघडतो. तो माणूस वाईट नसतो, प्रशिक्षण कच्चं असतं.

दुसऱ्या आठवड्याचा विषय "येशू कोण?" यातला गाभ्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. एखादा माणूस स्वतःला देव म्हणवतो, तर तो वेडा असेल, लबाड असेल, नाहीतर खरंच देव असेल. नुसता "थोर शिक्षक" म्हणून सुटका नाही. इंग्रज श्रोत्याला हे टोचतं, कारण त्याच्या लेखी माणूस आणि देव यांच्यात भिंत आहे. मराठी पाहुण्याला मुळीच टोचत नाही. महानुभाव पंथीय चक्रधरांना परमेश्वराचा अवतारच मानतात, अक्कलकोट-शिर्डीच्या तसबिरी अर्ध्या घरांत आहेत. "हो, असेल देव, नमस्कार," असं म्हणून आपला माणूस चहा घ्यायला मोकळा. खरा प्रश्न तो "एकमेव" असण्याचा आहे, आणि तो या भाषणात हवा तितक्या स्पष्टपणे समोर येत नाही. परिणामी मराठी पाहुणा तीन-चार आठवडे मान डोलावत राहतो, यजमानाला वाटतं गाडी पुढे चाललीय, आणि दोघंही वेगवेगळ्या गावाला निघालेले असतात. यजमानाने दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकावं: इथे देव्हाऱ्यात आणखी एक तसबीर वाढवण्याचं आमंत्रण नाही, इतर तसबिरी खाली काढण्याचा प्रश्न शेवटी येणार आहे. हे लपवणं म्हणजे छोट्या अक्षरातली अट लपवणं.

"विश्वास कसा ठेवायचा?" या भाषणात गंबेल एका चित्राचा दाखला देतात. विल्यम होल्मन हंट यांचं "द लाइट ऑफ द वर्ल्ड", एक प्रत ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात, मोठी प्रत लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये. कंदील घेतलेला येशू एका दारावर थाप मारतोय. दार वेलींनी वेढलेलं, कित्येक वर्षांत न उघडलेलं. आणि बाहेरच्या बाजूला कडी, मूठ काहीच नाही. उघडायचं तर आतूनच. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगण्याची नीती म्हणून याहून चांगलं चित्र काढता येणार नाही. मात्र दाराबाहेर एकट्याने कंदील घेऊन उभं राहणं वेगळं, आणि दहा मित्र, गिटार आणि रात्रीच्या मुक्कामाची खोली घेऊन उभं राहणं वेगळं.

म्हणजे वीकेंड. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, किंवा जागेची अडचण असेल तर एकच शनिवार. विषय पवित्र आत्म्याचे: तो कोण, काय करतो, आणि त्याने भरून कसं जायचं. तिसऱ्या भाषणाच्या शेवटी सगळे उभे राहतात, हात पुढे करायला सांगितलं जातं, "पवित्र आत्म्या, ये" अशी प्रार्थना होते आणि मग थांबतात. काही रडतात, काहींना ऊब जाणवते, कुणी अन्य भाषांत, म्हणजे स्वतःलाही न कळणाऱ्या शब्दांत, बोलू लागतं, बरेचजण नुसते अवघडून उभे असतात. हा करिष्मावादी, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या, धाटणीचा भाग आहे. १९९४ मध्ये टोरोंटोच्या चर्चमधून निघालेली भावावेशाची लाट होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टनपर्यंत पोचली होती, तेव्हा हा योगायोग समजू नये.

नियम चांगले आहेत. पुरुषासाठी पुरुषाने, बाईसाठी बाईने प्रार्थना करायची. आधी विचारायचं. नको म्हटलं तर पुढे जायचं. विषयपत्रिकेत वीकेंड आधीपासून छापलेला असतो, म्हणून लपवाछपवीचा आरोप टिकत नाही. तरी संमतीचा कस इथे लागतो, कारण पहिल्या दिवशी दिलेला होकार गप्पा ऐकायला होता. इथवर येईतो आठ अनोळखी माणसं मित्र झालेली असतात. ज्या मैत्रिणीने सहा आठवडे डाळभात वाढला तिच्यासमोर "मला खोलीत जायचंय" म्हणणं कठीण जातं. म्हणून यजमानाने प्रार्थनेच्या आधी नवा होकार मागायला हवा, तोही असा: "आता चहाही तयार आहे, ज्यांना बाहेर बसायचंय त्यांच्याबरोबर मी बसतो." नुसतं "कुणाला जायचं असेल तर जा" याला काही अर्थ नाही; भरल्या खोलीतून एकटं कोण उठतं? पाहुण्याने आपली गाडी न्यावी, किंवा परतीची बस कधी आणि कुठून ते विचारून ठेवावं. गाडी कुणाची हा या विषयातला फार मोठा प्रश्न आहे, हसण्यावारी नेऊ नका. आणि खर्च: कोर्स फुकट असला तरी मुक्कामाचे पैसे बहुतेक ठिकाणी घेतात, अडचण असेल तर सवलत देतात. ती सवलत घेतलीत म्हणून कसलंही देणं लागत नाही.

जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना या तिघांनी पाच वर्षं खपून २८ जून २०११ रोजी जिनिव्हात एक आचारसंहिता जाहीर केली. बहुधर्मी जगात साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपली श्रद्धा इतरांना कशी सांगावी, यासाठी बारा तत्त्वं. बाहेरच्यांनी लादलेली नव्हे, चर्चनेच स्वतःला घालून घेतलेली, म्हणून मोजपट्टी म्हणून चालते. चौथं तत्त्व सांगतं, गरिबी आणि गरजेचा फायदा घ्यायचा नाही, आमिष दाखवायचं नाही. पाचवं रोगमुक्तीच्या प्रार्थनांत विवेक बाळगायला सांगतं. दहावं दुसऱ्या धर्माबद्दल खोटी साक्ष देऊ नका म्हणतं. अकरावं असं, की धर्म बदलणं हे निर्णायक पाऊल आहे, त्याला विचार आणि तयारीसाठी पुरेसा वेळ आणि पूर्ण स्वातंत्र्य हवं.

अकराव्यावर अल्फा बऱ्यापैकी उतरतो. कोर्सच्या शेवटी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी, नसतो. ज्याला पुढे जायचंय त्याची तयारी वेगळी. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी महिनोन्‌महिने चालते आणि बाप्तिस्मा सहसा ईस्टरच्या जागरणाच्या रात्री होतो. घाई करणारा पाळक (पाद्री) भेटला तर त्याला येवला आणि नागपूर आठवून द्यावं: १९३५ मध्ये घोषणा, १९५६ मध्ये दीक्षा. बाबासाहेबांनी एकवीस वर्षं घेतली.

पाचव्याची परीक्षा शेवटाकडच्या "देव आजही बरं करतो का?" या भाषणाच्या संध्याकाळी होते. भाषणानंतर गटात आजारी माणसासाठी प्रार्थना होते. इथे दोन चुका हमखास होतात. एक, पाहुण्याचा आजार सगळ्यांसमोर बोलला जातो आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर "प्रार्थना विनंती" म्हणून फिरतो. दोन, बरं वाटलं नाही की विश्वासच कमी पडला असा सूर निघतो. मधुमेह, रक्तदाब, मनोविकार यांच्या गोळ्यांबद्दल कुणी "आता गरज नाही" म्हणालं तर त्या क्षणी उठावं. दहाव्या तत्त्वासाठी कान टवकारून ऐकायची जागा म्हणजे जेवणाचं टेबल. व्हिडिओ तोलूनमापून केलेले असतात. "तुमच्याकडे दगडाची पूजा करतात ना" हे वाक्य टेबलावरच येतं.

चौथं तत्त्व आणि जेवण. इंग्लंडमध्ये पास्ताची एक थाळी म्हणजे पाहुणचार, आमिष म्हणणं हास्यास्पद ठरेल. भारतात ओरिसाच्या १९६७ आणि मध्य प्रदेशच्या १९६८ च्या कायद्यांपासून बळ, फसवणूक आणि प्रलोभन हे तीन शब्द पक्के बसलेत, आणि प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू व वस्तुरूप लाभही येतो. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अनुच्छेद २५ धर्मप्रचाराचा हक्क देतो, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा देत नाही. आपल्याकडे अल्फा चालवणाऱ्याने जेवण साधं ठेवावं, पाहुण्यांनाही डबा आणू द्यावा. यात कायद्याची भीती दुय्यम आहे. वाढणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली की दबाव आपोआप उतरतो. मात्र वस्तीत शिधावाटप करणाऱ्या चर्चने त्याच हॉलमध्ये, त्याच वारी, त्याच लोकांसाठी अल्फा भरवू नये. दिवस, जागा आणि माणसं तिन्ही वेगळी हवीत.

कारण शब्द तेच असले तरी नातं बदललं की नीती बदलते. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने हे १९९८ च्या लारिसिस खटल्यात नेमकं पकडलं. ग्रीसच्या हवाई दलातले तीन पेंटेकोस्टल अधिकारी धर्मप्रचार करत होते. हाताखालच्या जवानांना केलेल्या प्रचाराबद्दलची शिक्षा न्यायालयाने कायम धरली, नागरिकांना केलेल्याबद्दलची अमान्य केली. जवानाला साहेबाच्या गप्पांतून उठून जाता येत नाही, हे कारण. हाच न्याय लावला तर बरोबरीच्या मैत्रिणीचं आमंत्रण ठीक. तुमचं मूल्यमापन लिहिणाऱ्या मॅनेजरचं ठीक नाही. तुरुंगातला अल्फा घ्या: कोठडीबाहेर दोन तास मिळणं हेच केवढं बक्षीस, त्यामुळे तिथे त्याच वेळी दुसराही एखादा वर्ग ठेवायला हवा. परदेशातून येऊन निर्वासित म्हणून आश्रय मागणाऱ्यांचं आणखी अवघड, कारण बाप्तिस्म्याचा दाखला अर्जाला जोडता येतो. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने याच मुद्द्यावर चर्चच्या लोकांना प्रश्न विचारले.

महाराष्ट्राने हा धडा फार आधी गिरवला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. विधवांचं शिक्षण, धर्माबाबत तटस्थता, अशी हमी. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार समिती सोडली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई म्हणत, दार उघडं होतं, मुली आपणहून आल्या. तेही खरं असेल. पण ज्या मुलीला सासर-माहेर दोन्ही बंद आहेत, तिच्या "आपणहून"चं वजन किती? अल्फाला येणारा नोकरदार पाहुणा तसा अगतिक नसतो, हे कोर्सच्या बाजूने मान्य करायला हवं.

कोर्समधली सगळ्यात मोठी उणीव भारतात चालवताना उघडी पडते. विषयांच्या यादीत प्रार्थना आहे, बायबल आहे, वाईटाचा सामना आहे, चर्च आहे. धर्म बदलल्याने कागदोपत्री काय होतं, हा विषय नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ सांगतं की धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, वारसा उघडतेवेळी ती स्वतः हिंदू असल्याखेरीज. काही राज्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आगाऊ सूचना द्यावी लागते. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात साठ दिवस आधी. हे सगळं एका पानावर मावतं. ते पान न देता "निर्णय तुझा" म्हणणाऱ्या यजमानाने निर्णयाची अर्धी किंमत खिशात ठेवलेली असते. यातला कायदा लंडनच्या मुख्यालयाने लिहावा ही अपेक्षा नाही, पण पुण्या-नाशकातल्या चर्चला लिहिता येतो.

राहता राहिला फोन नंबर. पहिल्या संध्याकाळी फॉर्म भरून घेतात. ब्रिटनमध्ये धार्मिक श्रद्धा आणि आरोग्य हे दोन्ही डेटा कायद्याने विशेष संरक्षित गटात येतात, तेव्हा कशासाठी, किती दिवस, कोण बघणार हे विचारायचा हक्क आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यात असा वेगळा गट नाही, म्हणून इथे जास्तच जपावं: नाव आणि नंबर पुरे, पत्ता, जात, घरच्यांची नावं लिहायची गरज नाही. कोर्स सोडायचा असेल तर ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडू नका, नाहीतर काळजीपोटी फोन येतात. यजमानाला एक ओळ टाका: "आतापर्यंत छान वाटलं, पुढे येणार नाही, कृपया पुन्हा विचारू नका." यानंतर आलेला पहिला मेसेज चूक म्हणून सोडता येईल. दुसरा आला तर तो अल्फाचा स्वतःचाच नियम मोडणारा आहे, आणि पाळकांना तसं सांगावं.

शेवटच्या आठवड्यात मेजवानी असते. पाहुण्यांनी आपापले मित्र आणायचे, म्हणजे पुढच्या कोर्सचे आठ पाहुणे तिथेच तयार. सासूबाईंना "सोसायटीचा कार्यक्रम आहे" म्हणून नेऊ नका, कशाचा आहे ते सांगून न्या. त्याच दिवशी प्रश्नावली देतात: कोर्सआधी स्वतःला काय म्हणत होता, आता काय म्हणाल. यजमानांनी त्याखाली पेनाने एक ओळ वाढवावी आणि कागद बिननावी ठेवावा: "नको म्हणायचं होतं पण म्हणता आलं नाही, असं या सगळ्या आठवड्यांत कधी झालं का? कुठल्या संध्याकाळी?"